डोळ्याचा पडदा स्वतःच स्टिरॉइड बनवतो, मग तेच स्टिरॉइड एकाला बाधतं आणि दुसऱ्याला औषध कसं ठरतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच लक्षात येईल. तुमचं वय छत्तीस. एका डोळ्यासमोर मधोमध धूसर डाग दिसतो, सरळ रेघ किंचित वाकडी दिसते. निदान झालं सीएससी, म्हणजे सेंट्रल सिरस कोरिओरेटिनोपथी. पडद्याखाली पाणी साचलंय. त्वचेच्या तक्रारीसाठी तुम्ही बराच काळ स्टिरॉइडचं मलम लावत होता आणि सर्दीसाठी अधूनमधून नाकात स्टिरॉइडचा फवाराही घेत होता. डॉक्टरांनी दोन्ही थांबवायला सांगितलं. त्याच सुमारास तुमच्या आईंच्या मधुमेहामुळे सुजलेल्या पडद्यासाठी त्यांच्या डोळ्यात चक्क स्टिरॉइडचं इम्प्लांट बसवलं. त्यात तुमच्या वाचनात आलं की डोळ्याचा पडदा स्वतःच स्टिरॉइड हार्मोन तयार करतो. म्हणून तुम्ही विचारताय की हा विरोधाभास काय आहे, रक्तातली हार्मोन्स तपासावीत का, आणि डीएचईएच्या (ज्यापासून शरीरात टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन बनतं त्या स्टिरॉइडच्या) गोळ्या घेऊन डोळ्याचं ‘स्वतःचं’ स्टिरॉइड वाढवता येईल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात नुकसान होऊ शकतं. त्या गोळ्या घेऊ नका. का, ते पुढे येईलच. आणि हेही लक्षात असू द्या की मी तुमचा डोळा पाहिलेला नाही, ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन, तेही पाहिलेलं नाही. पाणी किती आहे, किती महिने आहे, दुसऱ्या डोळ्याचं कोरॉइड, म्हणजे पडद्यामागचं रक्तवाहिन्यांचं जाळं, कसं आहे, यावर बरंच काही ठरतं. निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच राहील. मी सांगणार आहे तो त्यामागचा विचार.

मुळात तुम्हाला विरोधाभास वाटतोय तो तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यामुळे. पडदा बनवतो ती एक गोष्ट, तुमच्या मलमातलं औषध ही दुसरी, आईंच्या डोळ्यातलं इम्प्लांट ही तिसरी. तिघांचा रासायनिक सांगाडा एकच, कोलेस्टेरॉलपासून आलेली चार कड्यांची रचना. पण प्रोजेस्टेरॉन, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसोल, अल्डोस्टेरॉन हे सगळेच त्या सांगाड्याचे वारस आहेत आणि शरीरात प्रत्येकाचं काम निराळं. म्हणून ‘स्टिरॉइड चांगलं की वाईट’ असं विचारून उत्तर मिळत नाही. कोणतं स्टिरॉइड, कोणत्या पेशीवर, कोणत्या रिसेप्टरला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला), किती प्रमाणात आणि किती काळ, असं विचारावं लागतं.

आता पडद्याच्या स्वतःच्या कारखान्याकडे वळू. हा विषय मला मनापासून आवडतो, त्यामुळे इथे थोडा रेंगाळणार आहे.

स्टिरॉइड हार्मोन अ‍ॅड्रिनल ग्रंथी, अंडाशय, वृषण आणि गर्भारपणात वार एवढ्याच ठिकाणी बनतात, अशी समजूत बराच काळ होती. १९८१ मध्ये फ्रान्समधल्या एतियेन-एमिल बोलिए यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूत डीएचईएचं सल्फेट सापडल्याचं दाखवलं. लक्ष वेधून घेणारी गोष्ट अशी की अ‍ॅड्रिनल आणि जननग्रंथी काढून टाकल्यावरही मेंदूतलं हे स्टिरॉइड टिकून राहिलं. याचा अर्थ ते रक्तातून आलेलं नव्हतं. इथून ‘न्यूरोस्टिरॉइड’ ही कल्पना रुजली. आणि पडदा म्हणजे तरी काय? गर्भावस्थेत मेंदूच्याच भिंतीतून पुढे आलेला, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा मज्जापेशींचा थर. त्यामुळे पुढचा प्रश्न आपसूकच आला. १९९४ मध्ये इटलीतल्या पालेर्मोच्या गटाने उंदराचा पडदा वेगळा काढून दाखवलं की तोही स्वतः स्टिरॉइड बनवतो.

हे घडतं कसं? सुरुवात कोलेस्टेरॉलपासून होते. पडद्याच्या पेशी ते स्वतः तयार करतात आणि काही प्रमाणात पडद्यामागच्या रंगद्रव्य थरातून, म्हणजे आरपीईतून, रक्तातलंही उचलतात. पेशीच्या आत हे कोलेस्टेरॉल मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्राच्या, आतल्या पापुद्र्यापर्यंत पोहोचवावं लागतं, आणि संपूर्ण प्रक्रियेतली सगळ्यात अवघड पायरी हीच. ‘स्टार’ नावाचं प्रथिन हे काम करतं. तिथे पी ४५० एससीसी हे विकर (एन्झाइम) कोलेस्टेरॉलची बाजूची साखळी छाटतं आणि प्रेग्नेनोलोन तयार होतं. हे विकर पडद्यातल्या गँग्लियन पेशींच्या थरात दिसतं. डोळ्यातून मेंदूकडे तारा जातात त्या याच पेशींच्या. प्रेग्नेनोलोनपासून पुढे वाटा फुटतात. एक वाट प्रोजेस्टेरॉनकडे आणि तिथून अ‍ॅलोप्रेग्नेनोलोनकडे जाते. दुसरी डीएचईएकडे, पुढे टेस्टोस्टेरॉनकडे आणि अरोमाटेज या विकराच्या मदतीने इस्ट्राडायोलकडे. पडद्यात इस्ट्राडायोल तयार होतं हे नर उंदरांमध्येही दाखवलं गेलं आहे, म्हणजे ते केवळ अंडाशयाचं किंवा मादीचं काम नव्हे.

अशा दाव्यांकडे मी स्वतः जरा कडक नजरेने बघतो. स्टिरॉइड तेलात विरघळणारे असतात, रक्तातून पडद्यात सहज शिरतात. त्यामुळे पडद्यात एखादं स्टिरॉइड सापडलं म्हणजे ते तिथेच बनलं, असं होत नाही. जुन्या प्रतिपिंडांवर आधारित चाचण्या एका स्टिरॉइडला दुसरं समजण्याची चूकही करायच्या. रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्री आल्यापासून हे मोजमाप भरवशाचं झालं. मला पटतात ते प्रयोग असे: पडदा शरीराबाहेर काढून त्याला खुणेचा कच्चा माल द्यायचा, त्याच खुणेचं स्टिरॉइड बाहेर येतं का पाहायचं, मग मधलं विकर औषधाने बंद करायचं आणि उत्पादन थांबतं का पाहायचं. पडद्याने ही परीक्षा उंदरांमध्ये पास केली आहे. माणसाच्या पडद्यातही या साखळीतली विकरं आढळली आहेत. पण किती, कधी आणि कोणत्या आजारात, ही मोजणी मुख्यतः प्राण्यांमधलीच आहे. तुमच्या वाचनात आलेल्या लेखात ही बाजू सुटली असेल तर आता ती जोडून घ्या.

‘स्टार’बद्दल सांगितलं तेव्हा अभ्यासू वाचक टीएसपीओ या प्रथिनाची आठवण काढतील. कोलेस्टेरॉल आत नेण्यात त्याचा हात आहे असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. २०१४ मध्ये हे प्रथिनच नसलेले उंदीर तयार केले गेले आणि त्यांची स्टिरॉइड निर्मिती व्यवस्थित चालली. वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे टीएसपीओवर डोळ्यांच्या उपचाराचे मोठे दावे वाचलेत तर हात आखडूनच विश्वास ठेवा.

आता काम. ग्रंथीतून आलेलं हार्मोन रक्तातून दूर जातं, पेशीच्या केंद्रकात शिरून जनुकं चालू-बंद करतं, त्याला तास ते दिवस लागतात. पडद्यातली बरीच स्थानिक स्टिरॉइड मात्र शेजारच्या पेशीच्या पापुद्र्यावरच्या रिसेप्टरला धरतात आणि परिणाम सेकंदा-मिनिटांत दिसतो. अ‍ॅलोप्रेग्नेनोलोन हे याचं सगळ्यात छान उदाहरण. पडद्यात संदेश शांत करणारं मुख्य रसायन गाबा. त्याच्या गाबा-ए रिसेप्टरवर अ‍ॅलोप्रेग्नेनोलोन बसलं की गाबाचा परिणाम वाढतो, पेशी कमी उत्तेजित होते. जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदराचा काढलेला पडदा ७५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाखाली ठेवला. माणसाच्या डोळ्यात साधारण १० ते २१ हा नेहमीचा दाब असतो, यावरून अंदाज घ्या. एवढ्या दाबाखाली पडद्याने स्वतःच अ‍ॅलोप्रेग्नेनोलोनचं उत्पादन वाढवलं. ते बनवणारं विकर अडवल्यावर पेशींचं नुकसान वाढलं. संकट आल्यावर पडदा स्वतःचं शामक स्वतः बनवतो, हे काचबिंदूचे रुग्ण रोज पाहणाऱ्या माझ्यासारख्याला फार महत्त्वाचं वाटतं.

पण त्याच प्रेग्नेनोलोनला सल्फेट जोडलं की गोष्ट उलटते. प्रेग्नेनोलोन सल्फेट ग्लुटामेटच्या एनएमडीए रिसेप्टरला अधिक जोरात चालवतं. ग्लुटामेट हे पडद्याचं उत्तेजक रसायन. प्रमाणाबाहेर गेलं की पेशी अक्षरशः उत्तेजनाने मरतात. पालेर्मोच्याच गटाने पुढे दाखवलं की वेगळ्या काढलेल्या पडद्यात हे सल्फेट असं नुकसान वाढवतं. म्हणजे एकाच मूळ रेणूपासून निघालेल्या दोन वाटा. एक पेशीला सांभाळणारी, दुसरी तिचा जीव घेऊ शकणारी. यातली कोणती वाट कधी चालते ते त्या पेशीतली विकरं ठरवतात.

तुमच्या डीएचईएच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. तोंडाने घेतलेली गोळी आधी यकृतातून जाते, बरीचशी सल्फेट होते, त्यातून टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्राडायोलही बनतं आणि हे सगळं शरीरभर फिरतं. पडद्यातल्या कोणत्या पेशीत त्याचं पुढे काय होईल यावर आपला काहीच ताबा नसतो. तुमच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या काही पुरुषांमध्ये सीएससी झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून सीएससीचा रुग्ण समोर आला की मी दम्याचा पंप, नाकातला फवारा, मलम, सांध्यातलं इंजेक्शन याबरोबर व्यायामशाळेतल्या पावडरी आणि ‘ताकदीच्या’ गोळ्यांबद्दलही विचारतो. बरेच जण त्यांना औषध समजत नाहीत, म्हणून आपणहून सांगत नाहीत. तुम्ही असं काही घेत असाल तर तुमच्या डॉक्टरांना नक्की सांगा.

इथवरचा मुद्दा एवढाच की पडदा बनवतो ती न्यूरोस्टिरॉइड अत्यल्प प्रमाणात, जागच्या जागी आणि मुख्यतः संदेशवहनासाठी असतात. तुमचं मलम आणि आईंचं इम्प्लांट हे मात्र कॉर्टिसोलच्या जातीचे. त्यांची कथा वेगळी.

सीएससीचं वर्णन अल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी १८६६ मध्येच केलं होतं, पण त्यात खरा दोष कुठे आहे ते ओसीटी आल्यावर नीट कळलं. पाणी पडद्याखाली दिसतं, मूळ बिघाड मात्र त्याच्या मागच्या कोरॉइडमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात असतो. कोरॉइड जाड होतं, वाहिन्या फुगतात, दाब वाढतो आणि आरपीईच्या थरातून पाणी पुढे झिरपतं. कॉर्टिसोलचं प्रमाण वाढलं की हे होण्याची शक्यता वाढते. शरीरातच कॉर्टिसोल जास्त होणाऱ्या कुशिंग आजारात ते होतं, गरोदरपणात होऊ शकतं, आणि बाहेरून घेतलेल्या स्टिरॉइडने होतं, मग ते गोळी, इंजेक्शन, पंप, फवारा किंवा मलम कशाही रूपात असो.

का होतं, याचं एक आकर्षक स्पष्टीकरण २०१२ मध्ये पॅरिसच्या गटाने मांडलं. कॉर्टिसोल दोन रिसेप्टरना धरतं, ग्लुकोकॉर्टिकॉइड आणि मिनरलोकॉर्टिकॉइड. दुसरा खरं तर अल्डोस्टेरॉनसाठी. मूत्रपिंडात एक विकर कॉर्टिसोलला निष्क्रिय करून या दुसऱ्या रिसेप्टरपासून दूर ठेवतं. उंदराच्या डोळ्यात अल्डोस्टेरॉन टोचल्यावर कोरॉइडच्या वाहिन्या फुगल्या आणि कोरॉइड जाड झालं, अगदी सीएससीसारखं. मग तो रिसेप्टर अडवणारं एप्लेरेनोन हे औषध रुग्णांना द्यायला सुरुवात झाली, खूप आशाही होत्या. पण २०२० मध्ये ब्रिटनमधल्या व्हीआयसीआय चाचणीचे निकाल आले आणि जुनाट सीएससीत वर्षभर दिलेलं एप्लेरेनोन नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. मी त्यानंतर सीएससीसाठी ते लिहून देत नाही. शिवाय ज्या कृत्रिम स्टिरॉइडना मिनरलोकॉर्टिकॉइड परिणाम जवळजवळ नसतोच, त्यांनीही सीएससी होताना दिसतं, तेव्हा सगळा दोष एका रिसेप्टरवर ढकलता येत नाही. प्रयोगशाळेतलं सुंदर स्पष्टीकरण आणि रुग्णाला होणारा फायदा यांत किती अंतर असू शकतं, ते पडद्याच्या स्टिरॉइडबद्दल वाचताना कायम ध्यानात ठेवायला हवं.

आता आईंकडे. मधुमेहात बिघडतात त्या पडद्याच्या स्वतःच्या बारीक केशवाहिन्या. त्यांच्या भिंतींच्या सांध्यांतून पाणी आणि प्रथिनं गळतात, सोबत दाह असतो, व्हीईजीएफ हे गळती वाढवणारं प्रथिन वाढलेलं असतं आणि म्युलर पेशी सुजतात. म्युलर पेशी पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभ्या असतात. आतलं जास्तीचं पाणी आणि पोटॅशियम बाहेर काढणं हे त्यांचं काम. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर पडद्यात भरपूर असतात ते याच पेशींत. स्टिरॉइड तिथे पोहोचलं की दाह उतरतो, व्हीईजीएफ कमी होतं, वाहिन्यांच्या भिंतींचे सांधे घट्ट होतात आणि म्युलर पेशींचं पाणी उपसण्याचं काम सुधारतं. म्हणजे तुमच्याकडे बिघाड कोरॉइडमध्ये आणि औषध निमित्त, आईंकडे बिघाड पडद्याच्या वाहिन्यांत आणि औषध त्याच जागी उपयोगी. डोळा तसाच, पण आजाराची जागा वेगळी.

मात्रेचाही फरक पाहा. आईंना बहुधा डेक्सामेथासोनचं इम्प्लांट दिलं असेल. साधारण ६ मिलिमीटर लांबीची, हळूहळू विरघळणारी बारीक काडी. त्यात एकूण औषध ०.७ मिलिग्रॅम. ताकदीच्या हिशेबाने हे प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रॅमपेक्षा जरा कमीच, आणि तेवढंही काही महिन्यांत मिळून सुटतं. दम्याच्या तीव्र झटक्यात प्रौढ माणसाला दिवसाला ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन देतात. डोळ्यातल्या काचरसाचं (भिंगामागच्या जेलीचं) आकारमान अवघं ४ मिलिलिटर, म्हणून एवढंसं औषध पडद्यासाठी भरपूर होतं आणि उरलेल्या शरीराला त्याची जवळपास खबरही लागत नाही. डोळ्यातल्या अशा औषधामुळे सीएससी झाल्याच्या नोंदी फारच थोड्या आहेत.

रक्ततपासणीबद्दल. धरणाची पातळी मोजून एखाद्या घरातल्या टाकीत किती पाणी आहे ते कळत नाही, तसंच हे. पडद्यातलं अ‍ॅलोप्रेग्नेनोलोन किंवा इस्ट्राडायोल रक्तातल्या आकड्यावरून ओळखता येत नाही, आणि सध्या ते माणसाच्या डोळ्यात मोजण्याची कोणतीही रोजच्या वापरातली तपासणी नाही. मी कॉर्टिसोलची तपासणी सांगतो ती वेगळ्या कारणासाठी: चेहरा गोल झालाय, पोटावर जांभळ्या रेघा आल्यात, रक्तदाब आणि साखर अचानक वाढली, दंड-मांड्यांचे स्नायू कमजोर झालेत, अशी कुशिंगची चिन्हं असली तर. तुमच्या प्रश्नात त्यातलं काही नाही. चांगली झोप लागते का, घोरता का, हे मात्र बघा. झोपेत श्वास अडकण्याचा आणि सीएससीचा संबंध दिसून आला आहे.

बायकांच्या बाबतीत इस्ट्रोजेनचा प्रश्न कोणी विचारेलच म्हणून एवढंच लिहितो: पाळी लवकर, ४५ वर्षांच्या आत गेलेल्या स्त्रियांमध्ये काचबिंदूचा धोका जास्त दिसल्याची निरीक्षणं आहेत, आणि वाढत्या वयात मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाला, छिद्र पडणंही स्त्रियांमध्ये जास्त आढळतं. यावरून डोळ्यांसाठी हार्मोनच्या गोळ्या सुरू करण्याइतका आधार मिळत नाही.

आता करायचं काय. मलम आणि फवारा बंद करताना मूळ तक्रारीसाठी पर्याय काय, ते त्वचेच्या आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. त्वचेसाठी स्टिरॉइड नसलेली मलमं मिळतात. हा सल्ला पोटातल्या स्टिरॉइडना जसाच्या तसा लावू नका. ज्या कोणाच्या तीन आठवड्यांहून जास्त काळ गोळ्या चालू आहेत, त्यांनी त्या एकदम सोडल्या तर अ‍ॅड्रिनल ग्रंथी वेळेवर जाग्या होत नाहीत आणि जिवावर बेतू शकतं. तिथे मात्रा हळूहळूच उतरवावी लागते. दम्याचा पंप तर डोळ्यासाठी म्हणून स्वतःच्या मनाने कधीच थांबवू नये.

सीएससी नवा असेल तर तीन-चार महिन्यांत बहुतेकांचं पाणी आपोआप ओसरतं. या काळात मी सहसा लेझरची घाई करत नाही, दर चार ते सहा आठवड्यांनी ओसीटी बघतो. पाणी टिकून राहिलं, पुन्हा पुन्हा आलं किंवा कामासाठी नजर लवकर हवी असेल, तर अर्ध्या मात्रेच्या औषधाने केलेली फोटोडायनॅमिक थेरपी (शिरेतून औषध देऊन ते डोळ्यात प्रकाशाने कार्यान्वित करणं) हा माझा पहिला पर्याय. घरी रोज एक डोळा झाकून चौकटींच्या कागदाकडे बघा. वाकडेपणा वाढला तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

आईंच्या बाबतीत तुमचं लक्ष डोळ्याच्या दाबावर हवं. बाहेरच्या स्टिरॉइडने पाण्याचा निचरा करणारी जाळी काही लोकांमध्ये तुंबते. थेंबांवरच्या जुन्या अभ्यासांत साधारण एक तृतीयांश लोकांमध्ये दाब थोडाफार वाढलेला दिसला, थोड्यांमध्ये तो खूप वाढला. घरात काचबिंदू असेल तर धोका जास्त. इम्प्लांटनंतर दाब सहसा दोन महिन्यांच्या सुमारास सर्वांत वर जातो आणि तेव्हा डोळा दुखतही नाही, दिसण्यातही फरक पडत नाही. त्यामुळे बरं वाटतंय म्हणून ती भेट टाळू नका. बहुतेकांचा दाब थेंबांनी आटोक्यात येतो. त्यांचं नैसर्गिक भिंग अजून असेल, म्हणजे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली नसेल, तर मोतीबिंदू लवकर वाढू शकतो, तेही आधीच विचारून ठेवा. आणि त्या भेटीत तुमच्या घरात कोणाला काचबिंदू आहे का, हे त्यांच्या डॉक्टरांना आठवणीने सांगा.